कामावरून उडालेलें मन

हिंगणघाट आणि पुलगांव हीं दोन नांवें घेतलीं कीं आपल्या वर्धा जिल्ह्यांतील जुन्या माणसांच्या कानांत अजून भोंगा वाजतो. पहांटेचा पहिला भोंगा झाला कीं चुली पेटत, दुसऱ्या भोंग्याला माणसें फडक्यांत भाकरी बांधून वाटेला लागत, आणि शेवटच्या भोंग्याच्या आंत जो फाटकांत शिरला नाहीं त्याचा दिवस बुडे. ज्यांच्या घरीं घड्याळ नव्हतें अशीं कितीतरी कुटुंबें त्या आवाजावर उठत, जेवत आणि निजत. पोळ्याच्या दिवशीं तो वाजला नाहीं तर गांवाला चुकल्याचुकल्यासारखें होई. पुढें तो कायमचाच थांबला.

कापडाच्या गिरण्या कां बसल्या असें विचारलें तर त्याचीं कारणें पुष्कळ सांगतां येतात. यंत्रें जुनीं झालीं आणि नवीं घेण्यास भांडवल घातलें गेलें नाहीं. यंत्रमागाचें स्वस्त कापड बाजारांत आलें. कृत्रिम धाग्यानें सुताची जागा घेतली. मुंबईंत १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार होरपळले, आणि त्यानंतर तो धंदा पुन्हां पूर्वीसारखा उभा राहिला नाहीं. हीं कारणें खरीं आहेत आणि जाणत्यांनीं तीं वारंवार मांडलीं आहेत. मला आज बोलावयाचें आहे तें मात्र अशा एका गोष्टीविषयीं, कीं जी ताळेबंदांत दिसत नाहीं, यंत्रांच्या यादींत नसते आणि लिलावांत जिला कोणी बोली लावीत नाहीं. ती गोष्ट म्हणजे कामावरील माणसाचें मन. मोठा कारखाना बंद पडतो तो एका दिवशीं. परंतु तेथील माणसांचें मन त्याच्या किती तरी वर्षें आधीं कामावरून उडालेलें असतें, असें मीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आपला भाग कापसाचा. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, आणि हिंगणघाटची रुई, जिचें नांव विलायतेच्या बाजारांतहि ठाऊक होतें, ती गठाणी बांधून मुंबईस जाऊं लागली. रुई येथें पिकते तर सूत येथेंच कां निघूं नये, या विचारानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत हिंगणघाटास बन्सीलाल अबीरचंद व रेखचंद मोहता यांच्या आणि पुलगांवास आणखी एक, अशा गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांच्या आधीं, १ जानेवारी १८७७ रोजीं, नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल चालू झाली होती. पुढील सगळ्या गोष्टीचा धडा त्या गिरणीच्या पहिल्या वर्षांतच सांपडतो, म्हणून तेथून आरंभ करतों.

जमशेटजींनीं त्या गिरणीच्या कारभारावर बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमलें. हे गृहस्थ आगगाडीच्या मालखात्यांतले. कापडाच्या धंद्याची त्यांना माहिती नव्हती. गिरणी सुरू होतांच त्यांना पहिली अडचण आली ती यंत्रांची नव्हे, माणसांची. शंभरांतले वीस-एक लोक रोज गैरहजर. मृग लागला कीं पेरणीला गेले, कापूस फुटला कीं वेचणीला गेले, घरांत लग्न निघालें तर आठ दिवस पत्ता नाहीं. मुंबईच्या कामगाराप्रमाणें हा मनुष्य पोटासाठीं गिरणीवरच अवलंबून नव्हता. अशा वेळीं दंड वाढविणें हा सोपा मार्ग होता, आणि दुसऱ्या कोणी तोच धरला असता. एम्प्रेस मिलनें वेगळा मार्ग धरला. नियमित येणाऱ्यास बक्षिसें ठेवलीं. खेळांचे आणि कुटुंबांच्या मेळाव्यांचे दिवस ठरविले. १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि काढला. १८९५ पासून अपघातांत जायबंदी झालेल्यास भरपाई देण्यास आरंभ केला. हवेंत ओलावा राखणारीं आणि आगीपासून वांचविणारीं यंत्रें बसविलीं. या गोष्टी कायद्यानें सक्तीच्या होण्याच्या फार आधीं तेथें झाल्या.

पैशाचा खर्च दिसतो, पण त्यामागचा अर्थ पाहण्यासारखा आहे. मनुष्य गैरहजर राहतो तेव्हां त्याला शिक्षा कशी करावी, हा प्रश्न तेथें पहिला नव्हता. त्याला येथें यावेंसें कां वाटत नाहीं, हा पहिला होता. प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदललें.

तथापि एवढ्यावरून मालक उदार असला म्हणजे सर्व झालें, असें समजूं नये. त्याच नागपूरच्या गिरण्यांत पुढें संप झाले, आणि रा. स. रुईकरांसारखा पुढारी कामगारांस मिळाला. दिलें तें घ्यावें आणि बोलूं नये, या व्यवस्थेंत स्वाभिमानी मनुष्य फार दिवस सुखी राहत नाहीं. त्याला वेतन हवें, तसाच शब्दहि हवा.

तो शब्द वरपर्यंत जाऊं न देणारी एक जागा जुन्या गिरण्यांत होती, ती म्हणजे मुकादमाची, ज्याला जॉबर म्हणत. माणूस कामावर घेणें त्याच्या हातीं, काढणें त्याच्या हातीं, बदलीवाल्याला आज काम द्यावें कीं परत पाठवावें हेंहि त्याच्या हातीं. साहेबाला कामगारांची भाषा येत नसे आणि कामगाराला साहेबाची. मधला हा दुभाषी दोन्हीकडून घेई. मजुरांच्या स्थितीचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या शाही कमिशनचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत या दस्तुरीची स्पष्ट नोंद आहे. मुकादमाच्या हातून भरतीचा अधिकार काढून त्यासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमावा, अशी शिफारस त्या कमिशनला करावी लागली. पुढें १९४७ च्या कायद्यानें शंभरांवर कामगार असलेल्या कारखान्यांत मालक व कामगार यांच्या संयुक्त समितीची तजवीज केली, आणि १९४८ च्या कायद्यानें पांचशेंवर कामगार असतील तेथें कल्याण अधिकारी नेमण्याचें बंधन घातलें. कायदा चांगलाच होता. परंतु समितीच्या बैठकीला खुर्च्या मांडतां येतात, ऐकून घेण्याची वृत्ति मांडतां येत नाहीं.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची आहे असें नाहीं. अमेरिकेंत शिकागोजवळ हॉथॉर्न येथें टेलिफोनचें साहित्य करणारा प्रचंड कारखाना होता. तेथें १९२४ पासून १९३२ पर्यंत प्रयोग झाले. दिवे किती प्रखर असावेत, विश्रांति केव्हां द्यावी, यानें काम किती वाढतें हें पाहावयाचें होतें. टेलिफोनचे रिले जोडण्याचें काम करणाऱ्या कांहीं मुली एका खोलींत वेगळ्या बसविल्या आणि प्रत्येक बदलाच्या वेळीं त्यांचें मत विचारलें. सवलती दिल्या तेव्हां काम वाढलें. परंतु कांहीं काळ सवलती काढून घेतल्या तेव्हांहि तें फारसें उतरलें नाहीं. त्या प्रयोगांच्या अर्थाविषयीं विद्वानांत पुढें वाद झाले. तरी त्यानंतर त्या कारखान्यानें आपल्या सुमारें २१ हजार नोकरांना एकेकटें बसवून त्यांचें म्हणणें ऐकलें, हें मला विशेष वाटतें. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या एका खोलींत पुरुषांची एक टोळी होती. ते आपसांत ठरवून ठराविक कामाच्या वर जात नसत. कोणी गेलाच तर त्याला टोमणे आणि दंडावर गुद्दा मिळे. अधिक काम केलें तर दर उतरतील, ही त्यांची भीति. म्हणजे आळसाच्या मुळाशीं पुष्कळदां अविश्वास असतो.

आतां माझी स्वतःची हकीगत सांगतों. मीं एका मोठ्या कारखान्याच्या हजेरीखात्यांत आयुष्याचीं तीस वर्षें काढलीं. त्याचें नांव सांगत नाहीं. नांवानें कांहीं साधत नाहीं, आणि सांगावयाची आहे ती कारखान्याची नव्हे तर माझीच चूक आहे.

मी लागलों तेव्हां तेथें एक जुने मास्तर होते. रोज सकाळीं ते सर्व खात्यांतून एक फेरी मारीत. कोणाचा मुलगा कोठें शिकतो, कोणाची बायको बाळंत झाली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलें, हें त्यांना ठाऊक असे. ते फार देत असत असें नाहीं. पुष्कळदां ते ‘नाहीं’ म्हणत. परंतु नाहीं म्हणतांना कारण सांगत, आणि तेंच कारण सर्वांना सांगत. त्या काळांत कामगार गिरणीविषयीं बोलतांना ‘आपली मिल’ असें म्हणत.

मास्तर गेले आणि कारभार कागदावर आला. नवीं माणसें हुशार होतीं, हिशेबी होतीं. त्यांचा हेतु वाईट होता असें मी म्हणणार नाहीं. चहाच्या वेळांत पांच मिनिटें कमी झालीं, तें फलकावर वाचावयास मिळालें. सुधारणा सुचविणाऱ्यास मिळणारें लहानसें बक्षीस बंद झालें, तेंहि फलकावर. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहींत. त्यांचें काम शेजाऱ्याच्या वांट्यास आलें. दहा-दहा वर्षें काम केलेले बदलीवाले बदलीवालेच राहिले. बढती मिळाली ती कामांत तरबेज असलेल्यांना नव्हे, तर इकडची गोष्ट तिकडे नेणाऱ्यांना. यांतील एकहि गोष्ट एवढी मोठी नव्हती कीं तिच्यासाठीं कोणी संप करावा. परंतु कापूस भिजतो तो एका थेंबानें नव्हे.

प्रथम तक्रारी वाढल्या. माझ्या खिडकीशीं लोक येऊन भांडत. मग एक दिवस असा आला कीं तक्रारी थांबल्या. आमचे वरिष्ठ फार संतुष्ट झाले. शिस्त लागली, असें त्यांनीं अहवालांत लिहिलें. ती शिस्त नव्हती. मनुष्य भांडतो तेथें त्याची अजून कांहीं आशा असते. आशा सुटली म्हणजे तो गप्प बसतो. त्याच सुमारास आणखी एक बदल माझ्या कानांवर आला. ‘आपली मिल’ जाऊन लोकांच्या तोंडीं ‘त्यांची मिल’ आली.

त्या कारखान्यांत एक मिस्त्री होते. बावीस वर्षांची नोकरी. यंत्र बिघडलें म्हणजे रात्रींबेरात्रीं ते घरून येत आणि त्याचा दाम कधीं मागत नसत. फिरत्या दांड्याच्या आवाजावरून आंत तेल कमी आहे कीं पोलाद झिजलें आहे, हें ते दारांतूनच सांगत. एका पावसाळ्यांत त्यांच्या वाटेवरच्या नाल्याला पूर आला. मिस्त्री फाटकावर आले तेव्हां सात मिनिटें उशीर झाला होता; कपडे छातीपर्यंत ओले होते. नियम नवा होता आणि स्पष्ट होता: पांच मिनिटांवर उशीर तर अर्ध्या दिवसाचा पगार कापावा. वर विचारण्याचा अधिकार मला होता. मीं विचारलें नाहीं. विचारलें तर आपणच नरम ठरूं, अशी मला भीति वाटली. मीं अर्धा दिवस कापला. ते भांडले नाहींत. त्यांनीं माझ्याकडे एकदां पाहिलें, तिकीट उचललें आणि आंत गेले.

त्यानंतर मिस्त्री एक दिवस उशिरा आले नाहींत आणि एक मिनिट अधिक थांबले नाहींत. चार महिन्यांनीं मुख्य दांड्याचा आधार जळून तुटला आणि सबंध खातें तीन दिवस बंद राहिलें. चौकशी झाली, दोष कोणाचाहि निघाला नाहीं. मीं मात्र त्यांना एकटें गांठून विचारलें, ‘‘मिस्त्री, तुम्हांला आधीं आवाज आला नव्हता काय?’’

ते म्हणाले, ‘‘आला होता, बाबूजी. आदल्या दिवशीं जातांना आला. पण पाळी सुटली होती. मिनिटांचा हिशेब तुम्हींच मला शिकविला.’’

श्रोतेहो, त्यांनीं बरोबर केलें असें मी म्हणत नाहीं. त्या तीन दिवसांत शेंकडों बदलीवाल्यांची मजुरी बुडाली, आणि त्यांनीं मिस्त्रींचें कांहीं वाईट केलें नव्हतें. रागाचा घाव बहुधा असाच चुकीच्या जागीं बसतो. परंतु बावीस वर्षें जें आम्हांस फुकट मिळत होतें, तें मीं अर्ध्या दिवसाच्या पगारांत विकून टाकलें, हेंहि तितकेंच खरें आहे.

कामगारांच्या बाजूचे दोषहि मीं पाहिले आहेत. मन उडालें कीं तें मालकावरूनच उडतें असें नाहीं, तें कामावरूनहि उडतें. मग सूत तुटलें तर सांधण्याची घाई नसते. चांगली बाबीण फेंकून दिली जाते. नवा पोरगा नेटानें काम करूं लागला तर जुने त्याला म्हणतात, ‘‘मालकाचा जांवई आहेस काय?’’ असा पोरगा सहा महिन्यांत सुधारतो, म्हणजे बिघडतो. आणि ज्या हातांनीं बिघडलेलें काम वर्षानुवर्षें केलें, ते हात घरीं आल्यावरहि सुखी नसतात. आठ तास कंटाळणें हें आठ तास राबण्यापेक्षां अधिक थकविणारें आहे.

१९७४ सालीं आजारी गिरण्यांचें राष्ट्रीयीकरण झालें. देशांतील १०३ गिरण्या सरकारकडे आल्या, त्यांत हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद गिरणीहि होती. नागपूरची एम्प्रेस मिल १९८६ मध्यें राज्याच्या महामंडळाकडे गेली. मालक गेला, सरकार आलें, आतां आपलें झालें, असें कित्येकांस वाटलें. परंतु फाटकावरची पाटी बदलल्यानें फाटकाच्या आंतलें नातें आपोआप बदलत नाहीं. तें नातें खात्याखात्यांत, मुकादम आणि कामगार, कारकून आणि कामगार यांच्यामध्यें रोज नव्यानें जुळवावें लागतें.

हा विचार आपल्या जिल्ह्यांत नवा नाहीं. १९३४ सालीं ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यास झाली आणि मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा काम करूं लागले. पोटाला जसें अन्न तसें मनुष्याच्या घडणीला काम, ही त्यांच्या विचाराची बैठक होती. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामास राहिले. त्यांची विश्वस्तपणाची कल्पना पुष्कळांना भाबडी वाटते. परंतु ते गिरणीच्या प्रश्नाला अनभिज्ञ नव्हते. १९१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें अहमदाबादेस मोठा झगडा झाला. मालक वीस टक्के वाढ देत होते, कामगार पस्तीस मागत होते. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूला त्यांचीच बहीण अनसूयाबेन. दिवस लांबले तसा कामगारांचा धीर सुटूं लागला. पुढाऱ्यांना मोटार आहे आणि वेळेवर जेवण आहे, आम्हीं मात्र उपाशी मरावें, अशी कुजबूज गांधीजींच्या कानीं आली. त्यांनीं त्या कुजबुजीचा राग धरला नाहीं, तिच्यांतलें सत्य ओळखलें. आणि उपवास आरंभिला. तीन दिवसांत लवादाचा मार्ग निघाला.

उपवास योग्य कीं अयोग्य हा वाद बाजूस ठेवूं; त्या उपवासाचें दडपण मालकांवर आलें, हें त्यांनीं स्वतःहि मान्य केलें होतें. मला त्यांतली एकच गोष्ट घ्यावयाची आहे. ज्याच्या पाठीमागें माणसांनीं चालावें अशी इच्छा आहे, त्याला त्यांच्या अडचणीचा थोडा तरी वांटा आपल्या अंगावर घ्यावा लागतो. खर्च कमी करावयाचा तर तो वरून कमी होतांना दिसला पाहिजे. चहाचीं पांच मिनिटें तोडावयाचीं तर साहेबाच्या कपालाहि तोच नियम हवा.

आज आपल्या भागांत गिरण्यांचे भोंगे नाहींत. परंतु मोठे कारखाने आहेत, मोठाल्या कचेऱ्या आहेत, इस्पितळें आहेत. मुकादमाच्या जागीं ठेकेदार आला, बदलीवाल्याच्या जागीं कंत्राटी कामगार आला, फलकाच्या जागीं हातांतल्या यंत्रावर हुकूम येऊं लागला. हजेरी बोटाच्या ठशानें लागते; नाल्याला पूर होता कीं नव्हता हें त्या यंत्राला विचारतांच येत नाहीं. म्हणून तेथें बसलेल्या माणसाची जबाबदारी कमी झाली नाहीं, वाढली आहे.

अशा जागीं बसलेल्यांना मी अनुभवाचे चार शब्द सांगतों. कठोर निर्णय घ्यावा लागला तर तो स्वतःच्या तोंडानें सांगा आणि कारणासह सांगा. बढती कोणाला व कां दिली, हें सर्वांना कळूं द्या. तक्रारी अचानक थांबल्या तर आनंद मानूं नका. उठा आणि खात्यांतून फिरून या. नियम पाळा, परंतु नियमाला अपवाद मागण्याचा अधिकार तुम्हांला असेल तर तो वापरण्यास भिऊं नका. तो अधिकार त्यासाठींच दिलेला असतो. आणि काम करणारांनाहि एवढेंच सांगेन कीं, वरच्याचा राग शेजाऱ्यावर आणि हातांतल्या कामावर काढूं नका. भांडावयाचें तर समोर भांडा. आपलें कसब ही आपली मिळकत आहे. दुसऱ्याच्या अन्यायासाठीं ती गंजूं देऊं नये.

मिस्त्री पुढें निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या दिवशीं मीं नियमाप्रमाणें हिशेबाचा कागद त्यांच्या हातीं दिला आणि सही घेतली. त्या सात मिनिटांविषयीं कांहीं बोलावें असें फार वाटलें. पण मागें रांग होती, मी बोललों नाहीं. आज ते नाहींत. जें त्यांना सांगावयास हवें होतें, तें आपणांसमोर सांगितलें. हजेरीच्या खिडकींत, किंवा तसल्याच एखाद्या खुर्चीवर, आज जो कोणी बसला असेल त्यानें तें ऐकलें असलें, तर माझ्या वयाचा होईपर्यंत त्यानें बोलावयाचें ठेवूं नये, एवढीच विनंती आहे.